बिजागरीकडची फट

त्या शनिवारी सकाळी मी एक चप्पल फेकून दिली. रबराची, निळी, डाव्या पायाची, साधारण नऊ नंबरची, जोडीदार नसलेली. खांदा कॉलनीतल्या आमच्या समाजमंदिराचं दार बाहेर व्हरांड्यात उघडतं, आणि त्या उघड्या दाराखाली ती दडपलेली असायची. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. मी समाजमंदिराचा सचिव आहे, आणि सचिवाने खाली बघत चालू नये असं माझं मत होतं.

दुसऱ्या दिवशी तिथे माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीचं बोरनहाण होतं. मुलगी-जावई उलव्याहून येणार, तिच्या सासरची मंडळी येणार, म्हणून मी आदल्या दिवशी सचिवाच्या नव्हे, आजोबाच्या नजरेने समाजमंदिर पाहायला गेलो. तेव्हा पहिल्यांदा ती चप्पल दिसली. शरम वाटली. व्याही मंडळी काय म्हणतील? मी वाकून ती ओढली (वाकताना कमरेने आवाज केला, पण समाजसेवेत हे चालायचंच) आणि दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्याबरोबर ते दार वरच्या पंपाच्या जोरावर, सुस्कारा टाकत, आपणहून लागलं. मला फार बरं वाटलं. गेल्या वर्षी आम्ही सभागृहाला एसी बसवला, थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून दाराला हा पंप बसवला, आणि तरी दार सदा उघडंच कसं, हे कोडं अध्यक्षांना पडलेलं असायचं. ते मी एका झटक्यात सोडवलं होतं.

कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी दोन फोटो टाकले. एकात चप्पल, एकात चप्पल नाही. खाली लिहिलं, ‘स्वच्छतेची सुरुवात दारापासून.’ चौदा अंगठे आले. चौदांपैकी एकालाही ती चप्पल तिथे का होती, हा प्रश्न पडला नाही. मला तरी कुठे पडला होता?

बोरनहाण ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संक्रांतीच्या दिवसांत लहान मुलाला काळे कपडे घालतात, हलव्याचे दागिने घालतात, पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या असं सगळं ओततात. मग जमलेली पोरं त्यावर तुटून पडतात. म्हणजे एका खोलीत वीस-पंचवीस मुलं, सगळी जमिनीवर, सगळी ओणवी, आणि सगळ्यांची बोटं जमिनीवरून गोल वस्तूंच्या मागे धावताहेत. गोल वस्तू कुठेही जाते. बोर तर जिथे जाऊ नये तिथेच जातं.

रविवारी संध्याकाळी समाजमंदिर झाडणाऱ्या मावशी आल्या होत्या. त्या दाराशी घुटमळत होत्या. मी म्हटलं, “मावशी, दाराशी काय करताय? चहाची भांडी पडलीत बघा मागे.” त्या गेल्या. जानेवारी असूनही एसी लावला होता, कारण एसी आहे.

नात पाटावर बसली, हलव्याचा मुकुट डोळ्यांवर आला, बायकोने आणि विहीणबाईंनी दोन्ही बाजूंनी सूप रिकामं केलं. एकच कल्ला झाला. नातही पाटावरून उठून पोरांत घुसली. एक टपोरं बोर घरंगळत दाराकडे गेलं. तेवढ्यात उशिरा आलेले एक पाहुणे आत शिरत होते, म्हणून दार उघडं होतं. उघड्या दाराची आणि चौकटीची बिजागरीकडे जी उभी फट होते, तिच्यात ते बोर जाऊन बसलं. नातीने फटीत हात घातला. पाहुणे आत आले आणि दार आपलं आपण लागतं या खात्रीने पुढे निघून गेले. दार आपलं आपण लागलं.

ती किंचाळी मी इथे लिहीत नाही.

दार उघडायला अध्यक्ष धावले आणि त्यांनी ते ढकलायचं सोडून ओढलं. मुलीने त्यांना बाजूला सारलं. उजव्या हाताचं मधलं बोट. टोकाशी चपटं, नखाखाली काळंनिळं, आणि रक्त. काळ्या झबल्यावर रक्त दिसत नाही, एवढी एकच सोय होती.

दवाखान्यात मुलगी आणि बायको तिला घेऊन आत गेल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “बोट कुठे सापडलं? कडीच्या बाजूला की बिजागरीच्या?”

“बिजागरीच्या,” मी दारातून म्हणालो. हे सांगताना माझा हात दवाखान्याच्या दाराला लागला होता, तो मी काढून घेतला.

“तीच वाईट. कडीकडे दार नुसतं आपटतं. बिजागरीकडे अडकित्त्यासारखं चालतं. दार हळू लागत असलं तरी तिथे जोर तेवढाच.” मग एक्स-रे पाहून म्हणाले, “हाड वाचलंय. दोन टाके घालू. नख गळेल, नवीन येईल. दार बदला, बोट बदलता येत नाही.”

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मला ते दोन फोटो आठवले. मी ग्रुप उघडला. फोटो सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकावेत म्हटलं. फोनने दोन पर्याय दिले: सगळ्यांसाठी, की फक्त माझ्यासाठी. घाईत मी दुसराच दाबला. म्हणजे माझ्या गुन्ह्याचा पुरावा आता मी सोडून सगळ्यांकडे होता.

सोमवारपासून घरी रीघ लागली. कुणी फळं आणली, कुणी खेळणं. “काय हो हे, आजोबांच्या डोळ्यांदेखत!” मी मान हलवायचो. दुःखी माणसाची मान हलवणं आणि अपराधी माणसाची मान हलवणं दिसायला सारखंच असतं, हा शोध मला त्या आठवड्यात लागला. मिळणारी सहानुभूती मी गुपचूप खिशात घालत होतो.

बुधवारी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. तातडीची म्हणजे तीन दिवसांनी. विषय: ‘समाजमंदिरातील दाराने केलेली दुखापत.’ अध्यक्षांनी सुरुवातीलाच माझ्या नातीसाठी खेद व्यक्त केला. मग उपाय सुरू झाले. एकाने सुचवलं, दारावर पाटी लावू: ‘मुलांनी दारात बोटे घालू नयेत.’ साडेतीन वर्षांचं मूल ती थांबून वाचेल आणि विचारात पडेल, असं त्यांना वाटलं असावं. दुसऱ्याने सुचवलं, पाच वर्षांखालच्या मुलांना बंदी. तिथे सकाळी बालवाडी भरते, असं कुणीतरी लक्षात आणून दिलं. तिसऱ्याने कॅमेरा सुचवला, म्हणजे पुढच्या वेळी बोट सापडताना नीट दिसेल. एक सदस्य म्हणाले, दाराला नारळ वाढवू. हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी उपाय होता. नारळाने कुणाचं बोट चिरडत नाही.

मग अध्यक्ष म्हणाले, “पण मला एक सांगा, त्या दाराला पूर्वी खाली एक चप्पल असायची ना? दार उघडं राहायचं. ती कुठाय?”

कुणीतरी ग्रुप उघडेल आणि वर सरकवत शनिवारपर्यंत जाईल, या भीतीने मी सगळ्यांचे अंगठे पाहत बसलो. पण आमच्या ग्रुपवर शनिवारनंतर एकशे बारा सुप्रभात आले होते. त्यांच्याखाली इतिहास सुखरूप होता.

“ती चप्पल मावशी ठेवायच्या,” एकजण म्हणाले.

मावशींना बोलावलं. त्या सुकापूरच्या पलीकडच्या वाडीतून चालत येतात, नऊ वर्षं समाजमंदिर झाडतात. त्यांना बसा कुणी म्हटलं नाही, म्हणून त्या दाराशी, त्याच दाराशी, उभ्या राहिल्या.

“चप्पल तुम्ही ठेवता?”

“हो, मीच ठेवते रोज.”

“मग रविवारी का नव्हती?”

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “नव्हती,” त्या म्हणाल्या. “बरीच शोधली. नाय गावली.”

“नाही सापडली म्हणजे? एक काम दिलंय…”

हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. पण ते त्या क्षणी दिलं गेलं आणि त्याच क्षणी त्यांनी त्यात कसूरही केली. अध्यक्ष माझ्याकडे वळून, खाली वाकून, हळू आवाजात म्हणाले, “सचिवसाहेब, तुम्ही सांगा फक्त. उद्यापासून दुसरी बाई बघतो. तुमच्या नातीसाठी एवढं करायलाच हवं.”

आता इथे मी उठून म्हणायला हवं होतं की चप्पल मी टाकली. तोंड उघडलंही. त्यातून जे बाहेर आलं ते असं: “घाई नको. आधी रीतसर चौकशी व्हावी.”

सगळ्यांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. केवढा मोठा माणूस! नातीचं बोट थोडक्यात वाचलं होतं, आणि हा न्यायाची भाषा करतो! ताबडतोब ठराव झाला. चौकशी समिती नेमली, सदस्यसंख्या एक. सदस्य: मी. आठ दिवसांत अहवाल द्यायचा, तोवर मावशींच्या नोकरीचा निर्णय लांबणीवर. अशा रीतीने मी स्वतःला शोधून काढण्याच्या कामाला लागलो.

चौकशी मी मन लावून केली, कारण शेवट टाळायचा असला की माणूस मधला भाग फार मन लावून करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडी भरायच्या आधी जाऊन मी दार मोजलं. कडीकडच्या फटीत माझं बोट जाईना. बिजागरीकडे दार सताड उघडलं की दोन बोटं आरामात जात. मी नातीची रंगीत पेन्सिल नेली होती. ती त्या फटीत धरली आणि दार सोडलं. पंप इमानदारीने, अगदी हळू, सुस्कारा टाकत आला. पेन्सिल मोडल्याचा आवाज फार मोठा नव्हता. पण मी व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन पाच मिनिटं बसलो.

तेवढ्यात बालवाडीची पोरं आली. दोघं सरळ त्या फटीशी गेले. एक आत, एक बाहेर, आणि फटीतून एकमेकांना ‘भो’ करू लागले. चौकटीला चार-चार बोटं धरलेली. मी सचिव म्हणून सहा वर्षं त्या दारातून ये-जा केली होती. मी धावत जाऊन दार धरलं आणि बालवाडीच्या बाई येऊन मुलांना आत नेईपर्यंत दाराला धरून उभा राहिलो. ऑफिसला उशीर झाला. ‘दार धरून होतो’ हे कारण कळंबोलीच्या आमच्या साहेबांना पटलं नाही.

शनिवारी मी जुन्या पनवेलच्या बाजारात हार्डवेअरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार चाचा वीसेक वर्षं आखातात काढून परत आलेले, मूळचे इथलेच. मी दाराचं माप आणि हकिगत सांगितली. म्हणजे हकिगतीचा जेवढा भाग सांगण्यासारखा होता तेवढा.

“या अल्लाह! पोरगी कशी आहे आता?”

“बरी आहे. नख जाईल.”

“तिकडे शाळेत, मॉलमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे बिजागरीवर पट्टी असते,” असं म्हणत त्यांनी फळीवरून धुळकट गुंडाळी काढली. लवचिक प्लास्टिकची लांब पट्टी. “एक कड चौकटीला, एक दाराला. दार उघडलं की पट्टी ताणते, लागलं की दुमडते. फट दिसतच नाही, मग बोट जाणार कुठे? वरपासून खालपर्यंत लावा. लोक मोठ्यांच्या उंचीपर्यंत लावतात आणि खाली सोडून देतात. अरे भाई, पोरं खालीच असतात! कडीकडे हा रबर. आणि दार उघडं ठेवायचं तर भिंतीला हा लोहचुंबक. पंपाचा स्क्रूही बघून घ्या, जास्त कसलेला असेल.”

मी हे सगळं घेतलं. बांधून देता देता त्यांनी विचारलं, “इतके दिवस काय होतं दाराला?”

“एक चप्पल.”

“बघा,” चाचा म्हणाले, “कुणाला तरी अक्कल होती.”

आता चौकशीत एकच साक्षीदार राहिला होता. रविवारी दुपारी मावशी व्हरांडा झाडत होत्या. मी हातात वही घेऊन गेलो. वही असली की माणूस विचारणारा वाटतो, सांगणारा नाही.

“मावशी, ती चप्पल तुम्ही का ठेवायचात?”

“पोरं तिथं भो करतात ना. कडीकडं बोट गेलं तर पोर वरडतं, हात काढून घेतं. हितं दार सोडत नाय.” त्यांनी झाडू खाली ठेवला. “पंप बसवला तवाच मी सांगितलेलं.”

“कुणाला?”

“तुमाला. दोन वेळा. तुमी बोललात, लिहून द्या.”

मला आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मावशींना लिहिता येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

“आणि रविवारी…”

“रविवारी मी पुठ्ठ्याची घडी घातली दाराखाली. ती सरकत व्हती. तेच बघत व्हते, तर तुमी भांड्यांना पाठवलं.” मग त्या अगदी सरळ म्हणाल्या, “चप्पल तुमीच नेलीत ना. मी नळावर व्हते. बघितलं.”

माझ्या वहीत तेव्हा फक्त तारीख लिहून झाली होती.

“मग मीटिंगमध्ये का नाही बोललात? तुमची नोकरी जात होती!”

“कोनी मानलं असतं? तुमी सचिव.” त्या म्हणाल्या, “आन रविवारी तुमची नात रडत व्हती, मिटिंगला तुमी पांढरेफटक पडलेला. त्यावर मी आनखी काय बोलू? बोट बरं हाय ना तिचं?”

“बरं आहे,” मी म्हटलं आणि वही मिटली. चौकशी संपली होती.

पुढच्या बुधवारी मी अडीच पानांचा अहवाल वाचला. दार, फट, पट्टी, पंप असं सगळं पहिल्या दोन पानांवर होतं आणि लोक माना डोलवत होते. मग शेवटचं अर्धं पान वाचलं. ‘सदर चप्पल सचिवाने स्वतः काढून फेकली. सदर धोक्याची सूचना सफाई कर्मचारी मावशींनी सचिवास दोनदा दिली होती, ती सचिवाने लेखी नाही म्हणून घेतली नाही.’

“हे कशाला लिहिलंत?” अध्यक्ष म्हणाले.

“खरं आहे म्हणून.”

“खरं असेल हो. पण रेकॉर्डवर कशाला? असं करा, ‘चप्पल कालौघात नाहीशी झाली’ असं लिहा. कुणालाच लागणार नाही.”

“मागच्या बुधवारी आपण मावशींना दोन मिनिटांत काढत होतो,” मी म्हटलं. आवाज थोडा चढला. एरवी माझा आवाज फक्त क्रिकेटच्या वेळी चढतो. “तेव्हा कालौघ कुठे होता?”

मग एकाने ग्रुप उघडला, अंगठ्याने बराच वेळ वर वर गेला, आणि फोन शेजाऱ्याला दाखवला. त्याने त्याच्या शेजाऱ्याला. चौदाही जणांनी आपापला अंगठा पाहिला. त्यानंतर अहवाल जसाच्या तसा, एकमताने, फार लवकर मंजूर झाला. मावशींची नोकरी कायम. पट्टी, रबर आणि चुंबक शनिवारी लावायचं. पट्टीचा रंग दाराशी जुळत नाही यावर वीस मिनिटं चर्चा झाली, तीही शेवटी संपली. मी राजीनामा पुढे केला. तो नामंजूर झाला. यात माझा मोठेपणा नाही. सचिव व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं. जी चूक झाडणाऱ्या बाईला घरी बसवणार होती, तीच माझ्याकडून झाल्यावर मला चहा मिळाला.

घरी आलो तेव्हा बायको शेंगा सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. चप्पल, फोटो, ‘लिहून द्या’, अहवाल, कालौघ. हे सगळं तिला पहिल्यांदाच सांगत होतो. मुलीलाही आत्ताच फोन करून सांगतो म्हटलं. कालौघावर ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

“मावशींना काय म्हणालात?” तिने विचारलं.

“म्हणजे? नोकरी राहिली असं कळवलं की. अध्यक्षांनीच निरोप दिला.”

“तो निरोप झाला. तुम्ही काय म्हणालात?”

मी आठवून पाहिलं. काही सापडेना.

“कमिटीला अडीच पानं,” बायको म्हणाली, “आणि तिला एक वाक्य नाही? उठा. अजून तिथेच असेल ती, भजनाच्या सतरंज्या घालत. आणि जाऊन वाचून दाखवू नका काही. नुसतं चुकलं म्हणा, आणि मग गप्प बसा.”